कॉलेजातील इंग्रजी : वाङ्मयाचा मान आणि निबंधाची उपेक्षा

आपल्या ज्ञातीतील क्वचितच असे एखादे घर असेल की ज्या घराला कोणत्या ना कोणत्या पिढीत इंग्रजी या विषयाने चिंतेत पाडले नाही. परीक्षेचा निकाल हाती आला म्हणजे वडीलधाऱ्यांची दृष्टी प्रथम इंग्रजीच्या गुणांकडे जाई. गणित, इतिहास, संस्कृत ही सारी मागाहून. इंग्रजीत उत्तीर्ण झालेला मुलगा वकील, डॉक्टर, मामलेदार होण्याच्या वाटेस लागला. अनुत्तीर्ण झालेला तितकाच बुद्धिमान मुलगा शिक्षण सोडून दुकानावर अथवा शेतीवर परतला. ज्या एका विषयाने कुटुंबांची भवितव्ये अशी दोन वाटांना लावली, तो विषय आपल्या कॉलेजांत आला कोठून, त्यात काय शिकविले गेले आणि काय शिकवावयाचे राहून गेले, याचा विचार ज्ञातिबांधवांपुढे एकदा मांडावा, असे आम्हांस बरेच दिवस वाटत होते. प्रस्तुत लेख हा त्याच हेतूने लिहिला आहे.

आरंभीच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. ‘इंग्रजी’ या एका नावाखाली कॉलेजात दोन वेगळ्या गोष्टी नांदत आल्या आहेत. एक वाङ्मय, म्हणजे थोर ग्रंथकारांच्या कृतींचे वाचन व विवरण. आणि दुसरी रचना, म्हणजे विद्यार्थ्याने स्वतःच्या मनातील विचार स्वतःच्या वाक्यांत नीट मांडणे. पहिलीत दुसऱ्याचे लेखन समजून घ्यावयाचे असते, दुसरीत आपले लेखन दुसऱ्यास समजेल असे करावयाचे असते. या दोन बहिणींपैकी थोरलीस आपल्या विद्यापीठांत पाटावर बसविले गेले आणि धाकटीस माजघरात ठेवले गेले. आमच्या मते गेल्या दीडशे वर्षांतील आपल्या इंग्रजी शिक्षणाचे यश आणि अपयश या दोहोंचेही मूळ येथेच आहे.

इंग्रजी वाङ्मय हा विषय इंग्लंडात फार प्राचीन काळापासून शिकविला जात होता आणि तेथून तो तयार होऊन आपल्याकडे आला, असा अनेकांचा समज आहे. तो खरा नाही. स्कॉटलंडातील एडिंबरो येथे १७६२ साली ह्यू ब्लेअर यांच्यासाठी वक्तृत्व व ललित वाङ्मय यांचे अध्यापकपद निर्माण झाले, आणि लंडनच्या नव्या कॉलेजात १८२८ पासून इंग्रजीचा अध्यापक होता, हे खरे. परंतु ऑक्सफर्डमध्ये इंग्रजीची स्वतंत्र पदवी-शाखा १८९४ साली आणि केंब्रिजमध्ये स्वतंत्र परीक्षा १९१७ साली सुरू झाली. तोपर्यंत तेथील श्रेष्ठ शिक्षण म्हणजे ग्रीक, लॅटिन व गणित. इकडे मुंबई विद्यापीठाचे पहिले चार पदवीधर महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे व वामन आबाजी मोडक हे १८६२ साली इंग्रजी विषय घेऊन बी. ए. झाले होते! म्हणजे शेक्सपीअर व मिल्टन यांच्यावर परीक्षेचे प्रश्न सोडविण्याच्या बाबतीत पुण्या-मुंबईचे विद्यार्थी ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांच्या पुढे होते. गौरी विश्वनाथन् यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात हीच गोष्ट साधार मांडली असून, एतद्देशीयांच्या मनावर राज्यकर्त्यांच्या नीतीचा व श्रेष्ठत्वाचा ठसा उमटविण्यासाठी इंग्रजी वाङ्मयाची योजना झाली, असे प्रतिपादन केले आहे.

या हेतूची साक्ष सरकारी कागदांतही मिळते. १८१३ च्या सनदी कायद्याने शिक्षणासाठी वर्षाला एक लाख रुपयांची तरतूद झाली, आणि ती रक्कम कोणत्या विद्येवर खर्चावी याचा वाद वीस वर्षांहून अधिक काळ चालला. २ फेब्रुवारी १८३५ रोजी मेकॉलेने आपले प्रसिद्ध टिपण लिहिले आणि पुढल्याच महिन्यात बेंटिंकने इंग्रजीच्या बाजूने निर्णय दिला. मुंबई इलाख्यात मात्र हा प्रश्न इतक्या सहजी सुटला नाही. पुण्यास विश्रामबाग वाड्यात १८२१ पासून संस्कृत पाठशाळा चालू होती. येथील शिक्षणमंडळात १८४७-४८ च्या सुमारास मोठा वाद झाला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी हे इंग्रजीचे कैवारी. तर कर्नल जर्व्हिस व त्यांच्यासह जगन्नाथ शंकरशेट प्रभृती सभासद देशी भाषांतून शिक्षण द्यावे या मताचे. नाना शंकरशेटांसारखा पुरुष इंग्रजीचा द्वेष्टा नव्हता. सामान्य जनांपर्यंत ज्ञान पोहोचवावयाचे तर ते मराठी-गुजरातीतूनच पोहोचेल, एवढेच या पक्षाचे म्हणणे होते. त्यावेळी मागे पडलेले हे म्हणणे पुढील शंभर वर्षांत पुनःपुन्हा वर आले, हे वाचकांस आढळून येईल.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर उभारले होते, आणि या गोष्टीचे महत्त्व पुष्कळांच्या लक्षात येत नाही. हे विद्यापीठ शिकवीत नसे, परीक्षा घेत असे. अध्यापन कॉलेजांनी करावे, अभ्यासक्रम विद्यापीठाने ठरवावा आणि वर्षाअखेरीस प्रश्नपत्रिका काढून गुण द्यावेत, अशी ती व्यवस्था. विद्यापीठाने स्वतः शिकविण्याची सोय १९०४ च्या कायद्याने झाली, आणि प्रत्यक्ष अध्यापनविभाग त्याहूनही नंतर निघाले. आता परीक्षा घेणाऱ्या संस्थेस वाङ्मयाची परीक्षा घेणे सोपे जाते. नेमलेल्या ग्रंथातील उतारा द्यावा, संदर्भ विचारावा, कठीण शब्दांचा अर्थ विचारावा, पात्राचे स्वभाववर्णन करावयास सांगावे. रचनेचे तसे नाही. निबंध लिहावयास शिकणे म्हणजे एक मसुदा लिहावा, जाणत्याने त्यावर खुणा कराव्यात, चूक का झाली ते समजावून घ्यावे, आणि तोच मसुदा पुन्हा लिहावा. हे काम वर्षभर, दर आठवड्यास चालावे लागते. तीन तासांच्या परीक्षेत त्याची नुसती झडती घेता येते. ते शिकविता येत नाही.

या बाबतीत दुसऱ्या एका देशाचे उदाहरण उद्बोधक आहे. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाने १८७४ साली प्रवेशेच्छू विद्यार्थ्यांकडून इंग्रजीत निबंध लिहवून घेण्यास आरंभ केला. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी त्यांचेही लेखन इतके अशुद्ध व विस्कळीत निघाले की अधिकारी चकित झाले. त्यांनी दोष केवळ विद्यार्थ्यांच्या माथी मारला नाही. १८८५ पासून पहिल्याच वर्षी सर्वांना सक्तीचा असा रचनेचा स्वतंत्र वर्ग ठेवला. तेथील बॅरेट वेंडेल हे अध्यापक विद्यार्थ्यांकडून रोज एक लहानसे टिपण लिहवून घेत. तपासनिसांवर कामाचा डोंगर कोसळला आणि या पद्धतीवर टीकाही पुष्कळ झाली. तथापि रचना ही शिकवावयाची गोष्ट आहे, ती आपोआप येत नाही, हे तत्त्व त्या देशातील कॉलेजांत तेव्हापासून रुजले. ज्यांना इंग्रजी आईच्या दुधाबरोबर मिळाले त्यांना असा वर्ग लागला, आणि आपल्याकडील ज्या मुलास इंग्रजीचा पहिला धडा शाळेतच मिळाला त्यास मात्र तो लागणार नाही असे गृहीत धरले गेले, हा केवढा विपर्यास!

आपल्या कॉलेजांत वाङ्मयाचे अध्यापक उत्तम होते, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. पुढे बुद्धचरित्रपर काव्याने जगप्रसिद्ध झालेले एडविन आर्नल्ड हे पुण्याच्या कॉलेजाचे प्रमुख होते. कवी वर्ड्स्वर्थ यांचे नातू प्रोफेसर वर्ड्स्वर्थ यांनी एल्फिन्स्टन कॉलेजात विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडविल्या. डेक्कन कॉलेजचे सेल्बी यांनी बेकनचे निबंध टीपांसह संपादून प्रसिद्ध केले. परंतु अशा सटीप आवृत्त्यांचा एक अनिष्ट परिणामही झाला. टीपांतून ‘नोट्स’ निघाल्या, नोट्सवरून गाइडे निघाली, आणि विद्यार्थी मूळ ग्रंथ बाजूस ठेवून गाइडांची घोकंपट्टी करू लागले. परीक्षेत निबंध आला की पाठ केलेल्या दहा निबंधांपैकी जवळचा एखादा उतरवून काढावा, हा शिरस्ता पडला. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ पाठ असेल आणि ‘उन्हाळ्यातील एक दिवस’ विचारला असेल तर पावसाचे ऊन करावे, इतकीच काय ती प्रतिभा!

मग याच पद्धतीतून इतके समर्थ लेखक कसे निर्माण झाले, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, ज्यांनी कॉलेजात वाचलेल्या इंग्रजीचा उपयोग स्वतःच्या लेखनासाठी, आणि तोही मराठीत केला, तेच समर्थ झाले. कॉलेजाने जी रचना शिकविली नाही ती त्यांनी वृत्तपत्रांत व मासिकांत लिहून स्वतः कमाविली. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले ते मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत. एकच मजकूर दोन भाषांत मांडण्याचा तो जणू नित्याचा अभ्यासच होता. हेच बाळशास्त्री पुढे एल्फिन्स्टन संस्थेत अध्यापक झाले. मेजर कँडी यांच्या प्रयत्नांनी इंग्रजीतील विरामचिन्हे मराठीत रूढ झाली. आज आपण स्वल्पविराम देतो, प्रश्नचिन्ह घालतो, तो या रचनाविद्येचाच वारसा होय. विष्णुशास्त्री चिपळूणकर १८७२ साली पदवीधर झाले आणि १८७४ पासून त्यांनी ‘निबंधमाला’ चालविली. इंग्रज निबंधकारांचा त्यांचा व्यासंग दांडगा, जॉन्सनच्या ‘रासेलस’चे वडिलांनी आरंभिलेले भाषांतर त्यांनी पुरे केले, परंतु त्यांची लेखणी चालली ती मराठीत. त्यांच्या हातून मराठी गद्यास जो डौल आला त्याची पाळेमुळे डेक्कन कॉलेजातील वाचनात आहेत. आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ केले, आणि १८८८ साली ‘सुधारक’ काढला तो पुन्हा दोन्ही भाषांत. त्याची इंग्रजी बाजू गोपाळराव गोखले सांभाळीत. केशवसुतांनी इंग्रजी सॉनेटचा घाट मराठीत आणला.

येथे न्यायमूर्ती रानड्यांचे उदाहरण विशेष मननीय आहे. त्यांच्या चरित्रकारांनी सांगितलेली हकिगत अशी की, विद्यार्थिदशेत त्यांनी एका निबंधात मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी राज्याशी तुलना करून ती इंग्रजांना न रुचेल अशी मांडली. तेव्हा प्रिन्सिपल सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद ठेवली. वाङ्मयाच्या पेपरात शेक्सपीअरची कितीही स्तुती केली असती तरी असा प्रसंग आला नसता. निबंधात मनुष्याचे स्वतःचे मत उघडे पडते, म्हणूनच निबंध शिकविणे हे राज्यकर्त्यांस अडचणीचे आणि विद्यार्थ्यास आवश्यक. पुढे रानडे स्वतः एल्फिन्स्टन कॉलेजात इंग्रजी वाङ्मयाचे अध्यापक झाले. आणि तरीही, विद्यापीठाने वरच्या परीक्षांतून दूर सारलेल्या मराठीस पुन्हा स्थान मिळावे यासाठी त्यांनी अखेरपर्यंत खटपट केली. इंग्रजी शिकविणारा हा पुरुष मराठीचा वकील होता, हे विसरू नये.

परंतु हे सारे झाले मूठभरांचे. कॉलेजाचा उंबरठा ज्यांना दिसतही नव्हता त्यांचे काय? सावित्रीबाई फुले यांनी १८५४ च्या आपल्या काव्यसंग्रहात इंग्रजीला माउली म्हटले. महात्मा फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन सादर करून उच्च शिक्षणावर होणारा सरकारी खर्च व बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणाची उपेक्षा यांतील अंतर दाखवून दिले. आणि घरी अभ्यास करणाऱ्यांनाही विद्यापीठाच्या परीक्षांची दारे खुली असावीत असे सुचविले. कॉर्नेलिया सोराबजी या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर. डेक्कन कॉलेजात त्यांनी उत्तम यश मिळविले, परंतु विलायतेस जाण्याची सरकारी शिष्यवृत्ती केवळ स्त्री म्हणून त्यांना मिळाली नाही. पुढे त्यांनीच अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात तरुणांना इंग्रजी शिकविले! १९०१ पासून राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या ज्ञातींच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभी केली व करविली, तेव्हा खेड्यापाड्यांतील मुलांस कॉलेजाची वाट सापडली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ साली एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवीधर झाले. १९२० साली ‘मूकनायक’ मराठीत आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध इंग्रजीत, अशी त्यांची लेखणी दोन्ही हातांनी चालली. १९१६ साली महर्षी कर्वे यांनी स्त्रियांचे विद्यापीठ काढले तेव्हा शिक्षणाचे माध्यम मातृभाषा आणि इंग्रजी हा सक्तीचा विषय, अशी योजना केली. शंकरशेटांच्या पक्षाचे म्हणणे येथे निराळ्या रूपाने प्रत्यक्षात आले.

आपल्यापैकी अनेक कुटुंबांतील पहिला कॉलेजविद्यार्थी याच सुमारास अथवा स्वातंत्र्यानंतर झाला. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत मुंबई राज्यात इंग्रजीचा आरंभ आठव्या इयत्तेपासून होई. अकरावीची शालान्त परीक्षा होईपर्यंत अवघी चार वर्षे इंग्रजी; आणि नंतर कॉलेजात पाऊल ठेवताच बहुतेक विषयांची व्याख्याने इंग्रजीत! तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आणि रेन व मार्टिन यांचे व्याकरण एवढ्या शिदोरीवर ती पिढी निघाली. वर्गात शेक्सपीअरच्या नाटकाचे विवरण चाले, आणि ज्यास एक साधे पत्र निर्दोष लिहिता येत नसे तो मुलगा मागच्या बाकावर मुकाट्याने ते उतरून घेई. नापास झाल्यावर त्यास ‘ढ’ म्हटले गेले. तो ढ नव्हता. त्यास जे शिकविले नाही त्याचीच त्याची परीक्षा झाली.

या काळातही इंग्रजीच्या अध्यापकांनी मराठीस श्रीमंत केले. मर्ढेकर, मं. वि. राजाध्यक्ष, विंदा करंदीकर, भालचंद्र नेमाडे हे सारे इंग्रजी शिकविणारे आणि मराठीत लिहिणारे. करंदीकरांना २००३ चे व नेमाड्यांना २०१४ चे ज्ञानपीठ पारितोषिक लाभले. वाङ्मयाच्या अध्यापनास आमचा विरोध नाही, हे यावरून स्पष्ट व्हावे. वाङ्मय वाचल्यावाचून रचनेस खोली येत नाही. आणि रचना केल्यावाचून वाङ्मय अंगी लागत नाही. अन्न आणि पचन यांत श्रेष्ठ कोण, असे का कोणी विचारतो?

२००० सालापासून महाराष्ट्रात इंग्रजी पहिल्या इयत्तेपासून शिकविले जाऊ लागले. इंग्रजी माध्यमाच्या शाळांत आपली मुले मोठ्या संख्येने जातात. ती भराभर इंग्रजी बोलतात, आणि आईवडिलांस समाधान वाटते. परंतु त्यांस एखाद्या विषयावर दोन पृष्ठे सुसंगत लिहावयास सांगावे, म्हणजे जुने दुखणे तसेच असल्याचे दिसून येईल. फरक इतकाच की आता ते इंग्रजी व मराठी या दोन्ही भाषांत आहे. गाइडांची जागा ‘अपेक्षित’ प्रश्नसंचांनी घेतली, आणि आता तर संगणकास विषय सांगितला की क्षणार्धात निबंध लिहून मिळतो. साधन नवे, खोड तीच. दुसऱ्याने केलेला व्यायाम पाहून आपले शरीर बळकट होत नाही.

यास्तव ज्ञातिबांधवांपुढे आमची नम्र सूचना अशी आहे. आपण गुणी विद्यार्थ्यांचा सत्कार करतो, शिष्यवृत्त्या देतो, हे योग्यच आहे. त्याच्या जोडीला आणखी एक काम हाती घ्यावे. आपल्या ज्ञातीत सेवानिवृत्त शिक्षक व प्राध्यापक थोडे नाहीत. कॉलेजात जाणाऱ्या प्रत्येक मुलामुलीने आठवड्यातून एक पृष्ठ मराठीत व एक पृष्ठ इंग्रजीत स्वतःच्या मनाने लिहावे. या जाणत्या मंडळींपैकी कोणी ते तपासावे. आणि विद्यार्थ्याने ते दुसऱ्यांदा लिहून काढावे. विषय मोठे नकोत. आजोबांचा धंदा, गावची जत्रा, घरातील एखादा जुना दस्तऐवज, वाचलेल्या पुस्तकातील न पटलेले मत, इतके पुरे. दुसऱ्यांदा लिहिण्याचा कंटाळा मात्र कोणी करू नये, कारण खरे शिक्षण त्या दुसऱ्या प्रतीतच होते. कॉलेजाची निवड करतानाही इमारत किती भव्य आहे यापेक्षा, येथे मुलांचे निबंध कोणी वाचून परत देते काय, ही चौकशी पालकांनी आधी करावी.

या कामास इमारत लागत नाही, मोठा निधी लागत नाही. लागतो तो एक लाल पेन्सिल धरणारा जाणता हात आणि चूक दाखविली असता न रागावणारे तरुण मन. बाळशास्त्र्यांपासून बाबासाहेबांपर्यंत ज्या ज्या पुरुषांनी दोन भाषांत लेखणी चालविली, त्यांना हे शिक्षण कोणत्याही विद्यापीठाने ताटात वाढून दिले नव्हते. ते त्यांनी मिळविले. आपल्या मुलांसाठी ते आपण मिळवून देऊ शकतो. आणि पुढील वर्षीच्या स्मरणिकेत त्यांपैकी काहींचे, त्यांनी स्वतः लिहिलेले व स्वतः सुधारलेले निबंध छापले जावेत, एवढीच आमची इच्छा आहे.